आठवणींचं दफ्तर (भाग ९) : फौजीला काय विचारायचं?

गेल्या आठवड्यात गिरणी कामगारांच्या आठवणींविषयी लिहिलं, तेव्हा प्रश्न होता बोलणं आवरायचं कसं हा. निवृत्त फौजीचं उलटं असतं. पंधरा ऑगस्टला त्याला शाळेत बोलावतात, शाल-नारळ देतात, ‘युद्धाचा एखादा प्रसंग सांगा’ म्हणतात. तो दरवर्षीचा तोच प्रसंग सांगून खाली बसतो. आपण म्हणतो, आबा फार बोलत नाहीत. खरं तर आबांना आजवर एकच प्रश्न विचारला गेलेला असतो.

विचारणाऱ्याला काय हवं आहे, त्यानुसार आवाजाचं काय होतं याचा एक नमुना बर्लिनमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीने युद्धकैद्यांच्या बोली ध्वनिमुद्रित करायला १९१५ साली एक फोनोग्राफ आयोग नेमला. विल्हेल्म डोगन हा त्याचा सूत्रधार. ११ डिसेंबर १९१६ रोजी बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फच्या छावणीत मल्ल सिंग नावाच्या पंजाबी शिपायाला भोंग्यासमोर उभं करण्यात आलं. अशा प्रत्येक कैद्याचा एक तक्ता भरला जाई : नाव, जन्मगाव, धर्म, शिक्षण, मातृभाषा, आणि आवाज कसा आहे त्याचा शेरा. लढाईत तुझं काय झालं, असं कुणी विचारत नव्हतं. विद्वानांना उच्चार हवे होते.

तरी मल्ल सिंगने जेमतेम दीड मिनिटात आपलं सांगून घेतलं. स्वतःविषयी तो परक्या माणसाबद्दल बोलावं तसा बोलला. घरी लोणी खाणारा, दूध पिणारा कुणी एक. तो इंग्रजांच्या चाकरीत शिरला, युरोपच्या लढाईत आला, जर्मनांच्या हाती सापडला आणि आता त्याला परत जायचं आहे. ही तबकडी आज हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहे. उच्चारांचा नमुना म्हणून घेतलेला हा तुकडा आपण आज ऐकतो तो त्यातल्या लोण्या-दुधासाठी.

त्याच वर्षी २९ एप्रिलला मेसोपोटेमियातलं, म्हणजे आजच्या इराकमधलं, कुत तुर्कांच्या हाती पडलं. १४७ दिवसांचा वेढा सोसून शरण गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंडने आपली बाजू १९२० साली पुस्तकात मांडली. कैदेतून जिवंत सुटलेले शिपाई गावी येऊन पुन्हा शेतीला लागले. त्यांच्यातले काही टेपरेकॉर्डर घरोघरी यायच्या सुमारास हयात असणारच. कुणी मनावर घेतलं असतं, तर त्यांना विचारता आलं असतं.

ब्रिटनमध्ये इम्पीरियल वॉर म्युझियमने १९७२ साली ध्वनिसंग्रह सुरू केला. तिथे मुलाखत लढाईपासून सुरू होत नाही. आधी बालपण, मग भरती, प्रशिक्षण, जेवण, कपडे, शिस्त, अधिकारी, असं क्रमाने पुढे जायचं. ही रीत मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण शौर्य विचारलं की माणूस सावध होतो आणि बूट विचारले की सैल होतो. १९१७ मध्ये बेल्जियममधल्या पॅशेंडेलला लढलेला ब्रिटिश सैनिक हॅरी पॅच तर ऐंशी वर्षं गप्पच होता. शंभरीला टेकल्यावर, १९९८ साली, माहितीपटासाठी विचारणा झाली तेव्हा तो बोलू लागला. त्याच्या लेखी स्मृतिदिन ११ नोव्हेंबर, म्हणजे युद्धविरामाचा दिवस, नव्हताच. तो होता २२ सप्टेंबर, त्याचे तीन सोबती गेले तो दिवस.

अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००० सालापासून एक लाखाहून अधिक माजी सैनिकांच्या आठवणी जमवल्या आहेत. मुलाखत सामान्य माणूसही घेऊ शकतो. अटी साध्या आहेत : निदान तीस मिनिटांचं बोलणं, आणि तेही कापाकापी न करता. दुसरी अट आपल्याकडे पहिल्याच दिवशी मोडेल. आपण मागे देशभक्तीपर गाणं टाकतो, खोकला काढतो, ‘हे नको, ते नको’ करत पाच मिनिटांचा व्हिडिओ बनवतो. तो बनवायचाच असेल तर प्रतीवर बनवा. मूळ फाईलला हात लावू नका, ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, व्हॉट्सअॅपवरून तर पाठवूच नका; तिथे आवाज दाबला जातो. सुरुवातीलाच तारीख, गाव, पलटण आणि दोघांची नावं मोठ्याने बोलून घ्या. आबांनी साल चुकीचं सांगितलं तर मध्येच तोंड घालू नका, टिपून ठेवा. पलटणीचा ठावठिकाणा कागदपत्रांत सापडेल, पण एकदा टोकलेला माणूस पुन्हा मोकळा होत नाही.

विचारायचं काय? भरतीच्या मैदानावर छाती मोजली तो दिवस. काळ्या ट्रंकेवर नाव कुणी रंगवलं. लंगरमधली रोटी भाकरी खाणाऱ्याला कधी रुचली. घरचं पत्र कोण लिहायचं, आणि इकडून गेलेलं तिकडे कोण वाचायचं. सुट्टी रद्द झाली तेव्हा काय झालं. निवृत्तीनंतर बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसताना कसं वाटलं. हे सगळं आजींनाही वेगळं बसवून विचारा. पलटणीची हकिकत सांगणारे पुष्कळ आहेत. तीन महिने पत्र नसताना घर कसं चाललं, हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नाही.

१९७१ च्या युद्धात विशीत असलेले जवान आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत, १९६२ चे त्यांच्याही पुढे. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालयं आहेत, अनेक तालुक्यांत माजी सैनिकांच्या संघटना आहेत. इतिहास शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी यंदाच्या प्रकल्पांसाठी तिथे जावं. आणि ज्यांच्या घरातच असा माणूस आहे, त्यांनी महाविद्यालयाची वाट पाहू नये. येत्या रविवारी फोन समोर ठेवून ट्रंकेपासून सुरुवात करावी.