इंग्रजी शब्द, मराठी हिशेब

शाळा सुटते, पोरे पांगतात, आणि गावातला कोणी तरी खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणतो, "गुरुजी, एवढं वाचून सांगा." पूर्वी असा कागद तारेचा नाही तर कोर्टाच्या समन्साचा असे. आता तो ट्रॅक्टरच्या कर्जाचा करारनामा असतो, म्युच्युअल फंडाचे पत्रक असते, किंवा मुलाच्या मोबाइलवर आलेला मजकूर असतो. त्यात यील्ड, लिक्विडिटी, लेव्हरेज, डायव्हर्सिफिकेशन असे शब्द ओळीने उभे. गुरुजींनी इंग्रजी शिकविण्यात उभी हयात घालवली असली तरी हे शब्द त्यांच्या पाठ्यपुस्तकात नव्हते. आणि कागदाच्या तळाशी सहीची जागा मोकळी असते. गुरुजी "ठीक दिसतंय" म्हणाले की तिथे सही होते, कधी अंगठा उठतो. म्हणून या शब्दांविषयी आज दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट भीती घालविणारी आहे. हे शब्द मोठ्या शहरातले दिसतात खरे, पण त्यांतले कितीतरी शेताच्या बांधावरून गेलेले आहेत. 'कॅपिटल' म्हणजे भांडवल. हा शब्द लॅटिनमधल्या 'डोके' या अर्थाच्या शब्दापासून आला, आणि गुराढोरांना म्हणतात तो 'कॅटल' शब्दही त्याच मुळाचा. आपण पशुधन म्हणतो, गोधन म्हणतो, तसेच हे. 'यील्ड' शब्द आपण कपाशीच्या एकरी उताऱ्यासाठी ऐकतो. गुंतवणुकीच्या कागदावर तोच शब्द येतो तेव्हा गुंतवलेल्या रकमेवर वर्षाकाठी किती उत्पन्न पडते, एवढेच विचारावयाचे असते. गंमत अशी की जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ 'देणे चुकते करणे' असा होता. शेताने आपले देणे चुकते केले म्हणजे पीक आले!

'बॉण्ड' म्हणजे रोखा. 'बाइंड' म्हणजे बांधणे, त्याचाच हा भाऊ, आणि आपल्या संस्कृत 'बंध'शीही त्याचे रक्ताचे नाते आहे. कर्ज घेणारा आपल्या शब्दाने बांधला जातो, तो बॉण्ड. 'पोर्टफोलिओ' म्हणजे कागद नेण्याची पिशवी, म्हणजे आपले दप्तर. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्याला वारले आणि त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभे राहिले. जुन्या कागदांची दप्तरे म्हणजे काय ते धुळेकरांना मुद्दाम सांगावयास नको. माणसाच्या ठेवी, रोखे, समभाग या सर्वांचे मिळून जे दप्तर होते, त्याला पोर्टफोलिओ म्हणतात.

'डायव्हर्सिफिकेशन' हा शब्द तर उच्चारतानाच दम लागतो. परंतु कपाशीच्या ओळींत मूग, उडीद नाही तर तूर टाकणारा शेतकरी दुसरे काय करीत असतो? कपाशीला बोंडअळीने गाठले तरी मुगाचे चार पैसे आधीच हाती आलेले असतात. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या असल्या म्हणजे पाणी कमी पडले तरी एकाच घरावर सगळे संकट कोसळत नाही. ज्यांनी ही व्यवस्था बसवली त्यांना डायव्हर्सिफिकेशन हा शब्द ठाऊक नव्हता, हिशेब मात्र ठाऊक होता.

'हेज' म्हणजे सरळ सरळ कुंपण. जिनिंगवाल्याने आज कापूस खरेदी केला आणि गाठी विकावयाच्या वेळी भाव पडेल अशी त्याला धास्ती वाटली, तर तो वायदेबाजारात तितकाच माल पुढच्या तारखेला आजच विकून ठेवतो. भाव पडला तर इकडचे नुकसान तिकडे भरून निघते, आणि भाव चढला तर इकडचा जादा नफा तिकडे जातो. कुंपणाने पीक वाढत नाही, फक्त जनावर आत शिरत नाही. मात्र ज्याच्या घरात कापसाचे एक बोंड नाही तो त्याच वायद्यात शिरला तर ते कुंपण नव्हे, तो सट्टा. त्यासाठी आपल्याकडे शब्द जुनाच आहे.

आता 'शेअर'कडे येऊ. त्यासाठी अमळनेरला गेले पाहिजे. साने गुरुजींनी ज्या गावी मुलांना शिकविले त्याच गावी २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी स्थापन झाली. संस्थापक महंमद हाशम प्रेमजी. कंपनी वनस्पती तूप काढी, पुढे '७८७' नावाचा कपड्यांचा साबणही काढू लागली. १९६६ साली प्रेमजी वारले, आणि त्यांचा २१ वर्षांचा मुलगा अझीम अमेरिकेतले शिक्षण अर्धवट टाकून परतला. त्या लांबलचक नावातल्या अक्षरांवरून पुढे 'विप्रो' हे नाव झाले. अमळनेरच्या अनेक कुटुंबांनी सुरुवातीच्या काळात १०० रुपये दर्शनी किमतीचे तिचे समभाग घेतले, आणि त्यांतल्या कित्येकांनी ते विकले नाहीत. तुपाची कंपनी संगणकात गेली आणि ट्रंकेतल्या कागदांची किंमत घरादारापेक्षा मोठी झाली.

शेअर म्हणजे वाटा. कंपनीला दिलेले ते कर्ज नव्हे, की ते अमुक तारखेला व्याजासह परत यावे. भागीदारीत विहीर खणली तर पाणी लागले तर सर्वांचे आणि खडक लागला तर तोही सर्वांचा, तसेच हे. 'डिव्हिडंड' म्हणजे वाटावयाची रक्कम, लाभांश. नफ्यातून किती वाटावयाचे, की काहीच वाटावयाचे नाही, हे कंपनी ठरवते. 'बोनस शेअर' या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. डिसेंबर २०२४ मध्ये विप्रोने एकास एक बोनस दिला. ज्यांचे १०० समभाग होते त्यांचे २०० झाले. मग संपत्ती दुप्पट झाली का? नाही. त्या दिवशी एकेका समभागाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. भाकरीचे दोन तुकडे होते, तिचे चार केले, भाकरी तेवढीच. "बोनस आला, आता घ्या" असे कोणी सांगू लागला तर ही भाकरी आठवावी.

आणि अमळनेरची गोष्ट सांगताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच खानदेशात कापडगिरण्यांत घाम आणि पैसा ओतणारी माणसे होती. जळगावची खानदेश मिल आज चालू नाही. ट्रंकेत ठेवलेल्या प्रत्येक कागदाचे सोने होत नसते. ज्यांचे झाले त्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात, ज्यांची रद्दी झाली ते गप्प बसतात. जाहिरातीत तर पहिल्याच प्रकारची माणसे दिसणार!

दुसरी गोष्ट मात्र सावध करणारी आहे, आणि तिथे मी जरा थांबणार आहे. काही शब्द अर्थ सांगण्यासाठी नव्हे, तर तो झाकण्यासाठी वापरले जातात. त्यांत पहिला मान 'फ्लॅट रेट'चा.

समजा, तुम्ही एक लाख रुपये कर्ज घेतले. मुदत ५ वर्षे, व्याज फ्लॅट १० टक्के. विक्रेता पाटीवर हिशेब मांडतो : वर्षाला व्याज १०,०००, पाच वर्षांचे ५०,०००, एकूण दीड लाख, भागिले ६० हप्ते, म्हणजे महिना २,५०० रुपये. हिशेबात चूक नाही. चूक आहे ती तुमच्या समजुतीत, कारण तुम्हाला वाटते की व्याज १० टक्के आहे. अहो, दर हप्त्यात तुम्ही मुद्दलही फेडत असता! पाचवे वर्ष उजाडते तेव्हा तुमच्याकडे मुद्दल उरलेले असते अवघे २०,०००, आणि त्या वर्षाचेही व्याज १०,००० च, कारण ते मूळ लाखावर धरलेले आहे. शिल्लक राहिलेल्या मुद्दलावरच व्याज आकारावयाचे म्हटले, तर हा दर वर्षाला १७ टक्क्यांच्या वर जातो. त्या खऱ्या पद्धतीला 'रिड्यूसिंग बॅलन्स' म्हणतात, घटत्या शिलकीवरचे व्याज. म्हणजे "आमच्याकडे फ्लॅट ९" म्हणणारा दुकानदार हा "घटत्या शिलकीवर १२" सांगणाऱ्या बँकेपेक्षा महाग असतो. दोन आकडे शेजारी ठेवून लहान तो स्वस्त असे समजणारा माणूस इथे फसतो. गुरुजी, सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित फळ्यावर जरूर घालून पाहा. पोरे घरी जाऊन बापाला विचारतील, हाच फायदा.

सावकाराची रीत निराळी, पण गोम तीच. तो 'दरमहा दर शेकडा दोन रुपये' म्हणतो. दोन म्हणजे कितीसे? 'पर अॅनम', म्हणजे दरसाल, मांडले तर ते २४ टक्के होतात. महिन्याचे व्याज थकले आणि मुद्दलात मिळत गेले, तर चक्रवाढीने वर्षाला पावणेसत्तावीस टक्के पडतात. यासाठी रिझर्व्ह बँकेने एक चांगली सोय केली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्याने मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना बँकांनी व वित्त कंपन्यांनी एक 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्के धरून कर्ज वर्षाला खरोखर किती टक्क्यांनी पडते तो आकडा असतो, आणि ते पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत असले पाहिजे असाही दंडक आहे. तेव्हा मराठी पत्रक मागावे. लाजू नये.

'लेव्हरेज' हा शब्द तरफेवरून आला. लहान जोर लावून मोठा धोंडा हलवावयाचा, म्हणजे कर्जाऊ पैशाने आपल्या ऐपतीपेक्षा मोठी खरेदी करावयाची. मराठीत आगाऊ घेतलेल्या पैशाला आपण 'उचल' म्हणतो. किती नेमका शब्द! पहारीने धोंडा उचलता येतो तसा तो निसटून पायावरही येतो. 'मॉर्गेज' म्हणजे गहाण, आणि त्याचा मूळ फ्रेंच अर्थ आहे 'मेलेले तारण'. यावर अधिक बोलावयास नको.

आता 'लिक्विड'. म्हणजे पातळ, पाण्यासारखे. पैसा किती लवकर आणि किती कमी तोट्यात हातात येतो, त्याला लिक्विडिटी म्हणतात. जळगावच्या सराफ बाजारात सोने नेले तर त्याच दिवशी पैसे होतात. शेत ही मोठी संपत्ती खरी, पण लेकीचे लग्न आठ दिवसांवर आले असता घाईने विकावयाचे म्हटले तर गिऱ्हाईक भाव पाडून मागणार. म्हणून व्याज किती हे विचारण्याआधी आपल्या अहिराणीत विचारावे, "मना पैसा कोठे शे?" आणि मागाहून, तो मला केव्हा मिळेल?

या प्रश्नाची किंमत जळगाव जिल्ह्याने मोजली आहे. इथल्या कितीतरी पतसंस्था अडचणीत आल्या आणि ठेवीदारांना वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागले. निवृत्तीचा पैसा, जमीन विकल्याचा पैसा, आजारपणासाठी ठेवलेला पैसा. चोख चालणाऱ्या पतसंस्थाही आहेत, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु 'डिपॉझिट' हा एकच शब्द बँकेच्या पावतीवर असतो आणि पतसंस्थेच्या पावतीवरही असतो, आणि दोहोंमागचे पाठबळ सारखे नसते. बँकेतल्या ठेवीला विमा आहे. आपल्या देशात तो १९६२ पासून सुरू झाला, तेव्हा मर्यादा १,५०० रुपयांची होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल व व्याज धरून ५ लाख रुपये झाली. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. एक-दीड टक्का जादा व्याज दिसले म्हणजे तो कशाचा मोबदला आहे, हे आता ध्यानात येईल. पोस्टातल्या ठेवीमागे सरकार स्वतः उभे आहे.

शेवटी ट्रंकेविषयी. जुन्या समभागांचे कागद घरात असतील आणि सात वर्षे ओळीने लाभांश कोणी घेतलाच नसेल, तर कायद्याप्रमाणे तो लाभांश आणि ते समभागही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. इंग्रजीत त्यांना 'अनक्लेम्ड' म्हणतात, बेवारस नव्हे. आजोबांच्या नावाचे असले तरी वारसाला ते मागता येतात. त्यासाठी 'आयईपीएफ-५' नावाचा अर्ज असतो, आणि आधी कंपनीकडून हक्काचे पत्र घ्यावे लागते. १ एप्रिल २०१९ पासून कागदी समभागांचे हस्तांतर सर्वसाधारणपणे बंद झाले आहे, म्हणून डीमॅट खातेही उघडावे लागेल. "निम्मे आम्हाला द्या, काम करून देतो" म्हणणारे मध्यस्थ दारात येतील. त्यांना मूळ कागद देण्याआधी घडी घालून खिशात ठेवावा आणि शाळा सुटण्याच्या वेळी गुरुजींना गाठावे.