थाई रुग्णांतील स्मृतिभ्रंश : हेतूंचा विचार

वृद्ध रुग्णाला विसर पडू लागला असे नातेवाइकांनी सांगताच आपली लेखणी ब्राह्मी, शंखपुष्पी किंवा सारस्वतारिष्टाकडे वळते. हेतूंची चौकशी मात्र बहुधा ‘वय झाले’ एवढ्यावरच थांबते. या दृष्टीने थायलंडमधील अनुभव वैद्यबंधूंनी आणि औषधविक्रेत्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे.

शास्त्रदृष्ट्या तो देश आपल्याला परका नाही. थाई पारंपरिक वैद्यक जीवकाला आद्य गुरू मानते. पित्त, वात आणि सेम्ह म्हणजे श्लेष्मा ही त्रयी तेथेही आहे. ब्राह्मीला तेथे ‘फ्रोम्मी’ म्हणतात, आणि ‘बुआ बोक’ म्हणजे आपल्या मंडूकपर्णीचा रस बाजारात पेय म्हणून मिळतो. आपल्या ‘साठी बुद्धी नाठी’प्रमाणेच म्हाताऱ्या माणसाचे विसरणे तेथे ‘लोंग’ या एका शब्दात स्वीकारले जाते आणि रुग्ण चिकित्सकापर्यंत उशिरा पोहोचतो.

स्मृतिभ्रंश हा एक व्याधी नसून लक्षणसमुच्चय आहे. थाई रुग्णांतही अल्झायमरचे प्रमाण सर्वाधिक असून त्याखालोखाल रक्तवाहिन्यांच्या विकृतीतून होणारा प्रकार आढळतो. पुष्कळांत दोन्ही एकत्र असतात. अल्झायमरमधील वय आणि आनुवंशिकता हे हेतू टाळता येत नाहीत. दुसऱ्या प्रकाराचे तसे नाही. कवटीच्या आतील धमन्यांचे काठिण्य आशियाई रुग्णांत पाश्चात्त्यांपेक्षा अधिक दिसते. त्यास उच्च रक्तदाब व मधुमेहाची जोड मिळते, आणि ‘नाम प्ला’ या रोजच्या जेवणातील माशाच्या खारट द्रवाने मिठाची भर पडते. लहान लहान आघात लक्षात न येता होत राहतात आणि बुद्धी पायरीपायरीने उतरते. पहिल्या प्रकारास धातुक्षयजन्य व दुसऱ्यास मार्गावरोधजन्य वातप्रकोप म्हणण्याचा मोह होतो. ही जुळवणी विचाराला उपयुक्त आहे, परंतु तिच्या आधारे रक्तदाबाची गोळी बंद करू नये.

विशेष अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे ते ईशान्य थायलंडचे, म्हणजे इसान प्रांताचे. तेथील आहार चिकट भाताचा आणि त्यासोबत ‘प्ला रा’ या आंबवलेल्या माशाचा. हा मासा कच्चाच खाल्ला तर त्यातील थायमिनेज हे द्रव्य ब१ जीवनसत्त्वाचा नाश करते. शिजवल्यास ते निष्क्रिय होते. सुपारी व चहा यांतील कषाय द्रव्येही ब१ निकामी करतात, आणि ती उष्णतेने नष्ट होत नाहीत. इसानमधील लोकांत सुपारी व आंबवलेला मासा यांचा ब१ वर होणारा हा परिणाम १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासला गेला. १९४० च्या दशकात फिबून यांच्या शासनाने पान-सुपारी चघळण्यावर बंदी घातली, तरी खेड्यातील वृद्ध स्त्रियांत ती सवय टिकून राहिली. भाताच्या मद्याची भर पडली की ब१ ची तूट तीव्र होते : दृष्टी स्थिरावत नाही, चाल अडखळते, मन गोंधळते. या अवस्थेत ब१ सुईवाटे तातडीने दिले तर रुग्ण सावरतो. उशीर झाला तर स्मृती कायमची जाते आणि रुग्ण रिकाम्या जागा कल्पित गोष्टींनी भरू लागतो. येथे मेध्य रसायनांची वाट पाहणे म्हणजे रुग्ण गमावणे होय. त्याला त्वरित रुग्णालयात धाडावे.

विरुद्ध व असात्म्य आहाराचे इतके ठळक उदाहरण क्वचितच मिळेल. आपल्याकडे मासा नसला तरी सुपारी आहे, चहा आहे, आणि कडक शाकाहारी वृद्धांत ब१२ ची उणीव आहे. थायरॉईडची मंदता, फिरंग रोगाचा मेंदूतील प्रादुर्भाव, एचआयव्ही, मेंदूत साठलेले पाणी आणि किरकोळ पडण्यानंतर आठवड्यांनी प्रकटणारे कवटीखालचे साकळलेले रक्त हीही कारणे तपासावीच लागतात. त्यांतील बहुतेक वेळीच ओळखली तर उपचाराला दाद देतात.

औषधविक्रेत्यांसाठी एक मुद्दा. थायलंडमध्ये ‘या चुत’ म्हणून चार-पाच निरनिराळ्या गोळ्यांची पुडी अंगदुखीवर दुकानातून विकली जात आली आहे. तीत अनेकदा स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने वृद्धाचे मन भ्रमित होऊ शकते, आणि सर्दीवरील क्लोरफेनिरामिनसारख्या गोळ्यांनी स्मृती मंदावते. पारंपरिक गोळ्यांतही स्टेरॉइडची भेसळ इतकी आढळली की तेथील शासकीय प्रयोगशाळेला झटपट तपासणीचा संच तयार करावा लागला. आपणही हसण्याचे कारण नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शिसे बुद्धीला काय करते हे सांगायला नको.

निदानाची थाई पद्धतही उचलण्याजोगी आहे. २००२ च्या थाई मनःस्थिती चाचणीत शाळेत न गेलेल्या वृद्धाकडून वाचन, लेखन व गणित यांचे प्रश्न विचारले जात नाहीत, आणि संशयाची मर्यादा २३ पैकी १४ गुण ठेवली आहे. प्राथमिक शिक्षण झालेल्यास ३० पैकी १७, त्यापुढे शिकलेल्यास २२. हा भेद न केल्यास शेतात आयुष्य घालवलेली, सारे नातेसंबंध तोंडपाठ असलेली आजी केवळ वजाबाकी जमली नाही म्हणून रुग्ण ठरते. मराठी खेड्यात अशा आज्या अजून पुष्कळ आहेत. त्यांना तपासताना शंभरातून सात वजा करायला लावण्यापेक्षा काल घरी कोण आले होते, दूध कोणी आणले, हे विचारावे. त्यांच्या पिशवीतील सर्व गोळ्या टेबलावर ओतून एकेक पाहाव्यात, आणि विसर पडणे यांपैकी कोणत्या गोळीनंतर सुरू झाले हे सुनेला विचारावे.