मुक्त ग्रंथ आणि विस्मृत ग्रंथ : ‘स्त्रीपुरुषतुलने’चे उदाहरण

ग्रंथावरील स्वामित्वहक्काची मुदत सरली म्हणजे तो ग्रंथ सर्वांचा होतो, असे कायदा मानतो. 1957 च्या कायद्याने ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षांची ठरविली होती. रवींद्रनाथ ठाकूर 1941 साली निवर्तले. त्यांचे साहित्य 1991 च्या अखेरीस मुक्त होऊ घातले, तेव्हा दिल्लीत तातडीने वटहुकूम निघाला आणि 1992 च्या दुरुस्तीने मुदत 60 वर्षांची झाली. रवींद्रनाथांच्या ग्रंथांना मागणी होती, म्हणूनच त्यांच्या मुक्ततेचा दिवस एवढ्या बारकाईने मोजला गेला. परंतु ज्यांची कोणी वाटच पाहत नाही, अशा ग्रंथांना या मुक्ततेचा उपयोग कितपत होतो, हा प्रश्न निराळा आहे. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या पुस्तकाचा इतिहास त्या दृष्टीने उद्बोधक आहे.

हे पुस्तक 1882 साली पुण्यास श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती 500, किंमत नऊ आणे. लेखिका बुलढाण्याच्या. निमित्त घडले ते सुरतेच्या एका खटल्याचे. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल 1881 साली फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य करण्यात आली. आणि या प्रकरणावरून वृत्तपत्रांतून एकंदर स्त्रीजातीच्याच नीतीची चर्चा सुरू झाली. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांच्या अंगी नाहीत काय, हा ताराबाईंचा रोकडा सवाल. तो विचारताना त्या शास्त्रपुराणांची भीड धरीत नाहीत, तशीच ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या आपल्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्यांचीही धरीत नाहीत. त्या कथांत रंगविलेल्या स्त्रीचित्राची त्या झडती घेतात. मराठी कादंबरी जेमतेम पंचवीस वर्षांची असताना एका स्त्रीने केलेली ही वाङ्मयसमीक्षाच होय, आणि तिचे महत्त्व सामाजिक निबंध म्हणून असलेल्या महत्त्वाहून तसूभरही कमी नाही. भाषा घरगुती, ठसकेबाज, क्वचित शिवराळही. नागर गद्याच्या तत्कालीन कल्पनेत ती बसणे कठीणच होते.

महात्मा फुले यांनी 1885 साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात या पुस्तकाची बाजू घेतली. त्यानंतर मात्र ते दृष्टिआड झाले. स. गं. मालशे यांनी 1975 साली ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा मूळ प्रकाशनास 93 वर्षे लोटली होती. या प्रदीर्घ काळात पुनर्मुद्रणाच्या आड कोणाचा हक्क आल्याचे दिसत नाही. कोणाला ते हवेच नव्हते, इतकेच. मालशे यांच्यानंतर विलास खोले यांनीही त्याचे संपादन केले. 1994 साली रोझालिंड ओ’हॅन्लन यांचे इंग्रजी भाषांतर निघाले, आणि बुलढाण्याच्या या लेखिकेचे नाव देशाबाहेरील अभ्यासकांच्याही परिचयाचे झाले.

नष्टप्राय पुस्तक हाती लागते ते बहुधा अशा जुन्या खुणांच्या आधारे. फुल्यांसारख्याने केलेला एखादा उल्लेख, 1867 च्या कायद्याखाली सरकारदरबारी झालेली नोंद, शं. ग. दाते यांनी 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची अपार कष्टाने सिद्ध केलेली सूची, या त्या खुणा. 1954 च्या कायद्याने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत चार ग्रंथालयांकडे पाठविणे प्रकाशकांवर बंधनकारक झाले. दिल्ली पब्लिक लायब्ररी हे त्यांपैकी एक. ताराबाईंच्या पाचशे प्रतींना असा आसरा नव्हता.

आणखी एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. मूळ संहिता मुक्त झाली तरी संपादकाने लिहिलेली प्रस्तावना आणि टीपा यांवर त्याचा स्वतंत्र हक्क असतो. कोणी उद्या केवळ 1882 ची संहिता छापू म्हणेल तर त्यास मज्जाव नाही. मात्र सुरतेचा तो खटला कोणता, आणि ताराबाई ज्या कादंबऱ्यांवर तुटून पडतात त्या कोणाच्या, हे त्याला वाचकासाठी स्वतःच नव्याने शोधून लिहावे लागेल.