गोठलेले खाते आणि दूरचा खातेदार : सूरजागड परिसराच्या संदर्भात

ठेव जप्त होणे आणि खात्यावरील व्यवहार स्थगित होणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीत मालकी जाते; दुसरीत मालकी अबाधित राहून केवळ उपभोग थांबतो. कायद्याच्या दृष्टीने दुसरी सौम्य ठरते. परंतु तिची झळ किती लागावी हे नियमाच्या शब्दांपेक्षा, ती उठविण्याचा अधिकार असलेल्या मेजापासून खातेदार किती अंतरावर आहे यावर अवलंबून असते. क्रेडिट कार्ड अडविले गेलेला शहरी ग्राहक दूरध्वनीवर तिष्ठत राहतो व चिडतो; तरी त्याचे गाऱ्हाणे निदान नोंदले जाते. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगराळ मुलखात राहणाऱ्या माडिया गोंड खातेदाराची अडचण त्याच प्रकारची, पण अधिक बिकट आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झालेला हा वनप्रदेश. लोहखनिज आणि ठाकूरदेवाचे स्थान यांमुळे सूरजागड सर्वत्र परिचित आहे. येथील उपजीविका भातशेती, तेंदूपाने, बांबू आणि मोलमजुरी यांवर चालते. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या जनधन योजनेने शून्य शिल्लकेची खाती उपलब्ध करून दिली. १ जानेवारी २०२४ पासून रोजगार हमीची मजुरी आधारजोडणीद्वारे देणे अनिवार्य झाले. त्याच वर्षापासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे मासिक १५०० रुपयेही खात्यातच येऊ लागले. अशा रीतीने खाते ही बचतीची सोय न राहता उत्पन्नाचे द्वारच बनले. द्वार अडले की घरातील मीठमिरचीही अडते.

खिडकीवर मात्र उत्तर बहुधा एकच मिळते : ‘खाते बंद आहे.’ या तीन शब्दांखाली निरनिराळी कारणे दडलेली असतात. पहिले, निष्क्रियता : दोन वर्षे खातेदाराने स्वतः व्यवहार न केल्यास खाते निष्क्रिय गणले जाते. दुसरे, ओळखपत्रांचे नूतनीकरण : कमी जोखमीच्या खातेदाराने दर दहा वर्षांनी ते करावयाचे असते. जनधनची आरंभीची खाती २०२४ पासून या मुदतीस पोहोचू लागली, हे येथे ध्यानात घ्यावे. तिसरे, पूर्ण कागदपत्रांविना उघडलेले ‘लघु खाते’ : त्यात महिन्याला १०,००० रुपयांहून अधिक काढता येत नाहीत; हंगामाची मजुरी एकरकमी जमा झाल्यास ही मर्यादा आड येते. चौथे, तपासयंत्रणेचा अथवा न्यायालयाचा आदेश : तो बँक स्वतः उठवू शकत नाही. याखेरीज एक आभासी स्थगितीही संभवते. दोन बँकांत खाती असल्यास अनुदान शेवटी आधारजोडणी झालेल्या खात्यात जाते. खातेदार जुन्या खात्याकडे पाहून पैसा अडला असे समजतो.

प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे. म्हणून कारण न सांगणे म्हणजे उपायच नाकारणे होय. ज्याला एका खेपेसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते, त्याला चुकीच्या कागदासाठी दुसरी खेप घालावयास लावणे हा अघोषित दंडच ठरतो.

या बाबतीत नियमांतील विषमता लक्षणीय आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी, थकबाकी नसलेले कार्ड विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत बंद न केल्यास ग्राहकास दररोज ५०० रुपये देण्याचे बंधन घातले. निष्क्रिय खाते पुन्हा सुरू करण्यास २०२४ च्या निर्देशांनी तीन कामकाजाच्या दिवसांची मुदत दिली. तथापि विलंबाबद्दल तसा दैनिक दंड ठेवला नाही. २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेने विनामूल्य दाद मागण्याचा मार्ग खुला केला. परंतु आधी बँकेकडे तक्रार करून तीस दिवस वाट पाहणे त्यात अपेक्षित होते. तक्रारीची पोचच हाती नसेल, तर ते तीस दिवस मोजावयाचे कोठून?

१२ जून २०२५ रोजी झालेली सुधारणा या दृष्टीने महत्त्वाची आहे. नूतनीकरणापूर्वी किमान तीन सूचना द्याव्यात, त्यांतील एक तरी पत्राने असावी, असे तीत सांगितले आहे. तसेच गावोगाव काम करणाऱ्या बँकमित्रामार्फत नूतनीकरणास मुभा दिली आहे. अधिकाराचे मेज त्यामुळे काही अंशी खातेदाराजवळ सरकते. मात्र ज्याची मातृभाषा माडिया आहे त्याला मराठी वा इंग्रजी पत्र पोहोचले, म्हणजे सूचना पोहोचली असे नव्हे. बँकमित्र कागद स्वीकारू शकेल; तपासाचा आदेश तो उठवू शकणार नाही.

तात्पर्य, ग्राहकसेवेची कसोटी सौजन्याच्या शब्दांत नाही. स्थगितीचे नेमके कारण खातेदारास समजणाऱ्या भाषेत सांगणे, लागणारे कागद एकाच वेळी कळविणे आणि दिलेल्या कागदाची पोच हाती ठेवणे, या तीन गोष्टींत ती आहे. त्यांस नवा कायदा लागत नाही. त्या न झाल्यास मात्र सौम्य मानलेली स्थगिती दूरच्या खातेदारापुरती जप्तीच ठरते.