सरपणातील पाणी : एक गणित व एक प्रयोग

ज्या शाळांत पोषण आहार अद्याप चुलीवर शिजतो, तेथे पावसाळ्यात वर्गात धूर येणे हा नित्याचा अनुभव आहे. दोष चुलीस दिला जातो. पुष्कळदा तो सरपणातील पाण्याचा असतो.

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. पेशींच्या पोकळीतील पाणी प्रथम निघून जाते. पेशींच्या भित्तींत मुरलेले सावकाश निघते. ते निघू लागले म्हणजे लाकूड आकसते. वाळलेल्या ओंडक्याच्या टोकांस भेगा पडतात, त्या यामुळेच.

ओले लाकूड पेटविले म्हणजे अग्नीस प्रथम या पाण्याची वाफ करावी लागते. एक किलो पाणी ३० अंशांपासून उकळीस आणण्यास ७० किलोकॅलरी उष्णता पुरते; त्या उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० लागते. ही उष्णता भांड्यास मिळत नाही. शिवाय आच मंदावल्याने लाकडातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत. त्यांचा धूर होतो आणि तो स्वयंपाक करणाऱ्या भगिनींच्या डोळ्यांत व छातीत जातो.

वरच्या वर्गास पुढील उदाहरण घालावे. १०० किलो सरपणात ४० टक्के पाणी आहे. ते वाळून पाणी २० टक्क्यांवर आले, तर वजन किती भरेल? बहुतेक मुले ८० किलो म्हणतील. परंतु शुष्क लाकूड ६० किलो होते व तेवढेच राहिले. आता ते एकूण वजनाच्या ८० टक्के आहे. म्हणून उत्तर ७५ किलो. उरलेले २५ किलो पाणी आपण लाकडाच्या भावाने विकत घेतले होते, हेही मुलांच्या ध्यानात आणून द्यावे.

प्रयोगही सोपा आहे. ओल्या लाकडाच्या दोन-तीन ढलप्यांवर खूण करून त्या उन्हात ठेवाव्यात व दर शनिवारी मुलांकडून त्यांचे वजन करवून तक्त्यात मांडावे. वजन स्थिर झाले म्हणजे लाकूड निर्जल झाले असे नव्हे. हवेच्या दमटपणाशी त्याचा समतोल झाला, एवढेच. पावसाळ्यात तेच वजन पुन्हा वाढलेले दिसेल.

सबब सरपण उन्हाळ्यातच फोडून घ्यावे. दगडांवर, जमिनीपासून उंच रचावे. बाजूंनी वारा खेळू द्यावा व वरून मात्र आच्छादन घालावे. मृगापूर्वी एवढी दक्षता घेतल्यास सरपण कमी लागेल आणि चुलीपाशी बसणाऱ्या भगिनींचा त्रास पुष्कळ हलका होईल.