पस्तिशीतच बत्तीशी ढासळली, तर?

हसताना तोंडावर पदर, चावायचे ते एकाच बाजूने, पोळी आमटीत कुस्करून खायची, पेरूची फोड मुलांच्या ताटात सरकवायची! घरात कुणाच्या ध्यानातही येत नाही, पण चाळिशीच्या आतबाहेरच्या कितीतरी जणींचे हे रोजचे जेवण असते. मुलांचा दात किडला की आपण धावतो. स्वतःची दाढ ठणकली की लवंग धरून दिवस ढकलतो. मग एक दिवस डॉक्टर सांगतात, ‘‘बाई, सगळ्या तोंडाचंच काम करावं लागेल.’’

ऐन उमेदीत असे का होते? ‘बाळंतपणांनी दात गेले’ असे आपण म्हणतो. पण पोटातले बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेत नाही. त्या दिवसांत हिरड्या सुजतात, उलट्यांच्या आंबटपणाने दात झिजतात आणि डॉक्टरांकडे जाणे मात्र राहून जाते. त्यात ताब्यात नसलेला मधुमेह, झोपेत दात खाणे किंवा मिश्रीची सवय यांची भर पडते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती दात बळकट तर करत नाहीच, उलट तोंडाच्या कर्करोगाचे भय वाढवते.

अशा वेळी घरातून सल्ला येतो, ‘‘एकदाचे सगळे काढून टाक अन् कवळी बसव, कटकट मिटेल.’’ इथे थोडे थांबा. दात गेला की त्याला धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजू लागते. पहिल्या वर्षी सर्वांत जास्त, पुढे हळूहळू. म्हणून आज घट्ट बसलेली कवळी, विशेषतः खालची, काही वर्षांनी हलू लागते. शिवाय पूर्ण कवळीने चावण्याचा जोर जेमतेम पाव हिश्शाइतका उरतो. सत्तरीत हे निभते. पस्तिशीत पुढची चाळीस वर्षे काढायची असतात. तेव्हा आधी विचारा, ‘‘यातले वाचण्यासारखे दात कोणते?’’ मात्र पार खिळखिळा झालेला दात हट्टाने ठेवू नका. वरची दाढ काढल्याने दृष्टी अधू होते, हा समज खोटा आहे.

हे काम जुन्या घराच्या डागडुजीसारखे आहे. आधी ओल काढायची, रंग शेवटी. एक्स-रे आणि दातांची मापे घेतली की प्रथम कीटण काढून हिरड्या निरोग्या करतात. मग जरूर तिथे रूट कॅनल. दात झिजून चाव्याची उंची कमी झाली असेल, तर ती नव्याने ठरवून तात्पुरत्या टोप्या बसवतात. त्या काही आठवडे वापरून बघायच्या. जबडा दुखत नाही ना, बोलणे स्पष्ट येते ना, हे पटल्यावरच पक्क्या टोप्या. सगळे मिळून काही महिने जातात. धडधाकट दात टोपीसाठी घासायचा म्हटले, तर कारण जरूर विचारा. घासलेला दात पुन्हा भरून येत नाही.

गेलेल्या दातांच्या जागी हाडात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवता येते. स्वीडनच्या ब्रेनेमार्क यांनी १९६५ मध्ये ते पहिल्या रुग्णाला बसवले. हाडाशी एकजीव व्हायला त्याला साधारण तीन ते सहा महिने लागतात. प्रत्येक दाताला एक इम्प्लांट लागतेच असे नाही. खालचे सगळे दात गेले असतील, तर दोन इम्प्लांटवर अडकवलेली कवळीही घट्ट बसते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी अशा जबड्यासाठी तिलाच पहिली पसंती दिली.

खर्च मोठा असतो, हे खरेच. टप्प्यांप्रमाणे लेखी अंदाज मागा आणि पाटल्या मोडण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबई महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात कमी खर्चात उपचार होतात. खेपा मात्र जास्त घालाव्या लागतात.

काम झाले की सुटलो, असेही नाही. टोपीच्या कडेला पुन्हा कीड लागू शकते. दोन वेळा ब्रश, दातांच्या फटींची सफाई आणि डॉक्टर सांगतील त्या मुदतीने तपासणी हवीच. दात खाण्याची सवय असेल, तर रात्री घालायची पट्टी करून घ्या.

आणि ‘‘आता या वयात दातांवर एवढा पैसा?’’ असं कुणी विचारलंच, तर सांगा, ‘‘अजून चाळीस वर्षं जेवायचंय!’’