दुसरी पट्टाकरवत

पुण्यातील आमच्या घराच्या परसात, पूर्वी जळाऊ लाकडे आणि पाण्याचा बंब ठेवण्याकरिता बांधलेली दहा फूट रुंद व चौदा फूट लांब अशी जी खोली आहे, तिच्यात गेली बावीस वर्षे माझे सुतारकाम चालत आले असून, तिच्या दक्षिण भिंतीशी १४ इंची चाकांची एक जुनी आणि समोर १८ इंची चाकांची एक नवी अशा दोन पट्टाकरवती, म्हणजे वखारीत ज्यांना बँडसॉ म्हणतात ती यंत्रे, उभी आहेत. थोरली घरी आली त्याच दिवशी धाकटी ठेवावी की विकावी हा प्रश्न उपस्थित झाला. लाकडाचा छंद असणाऱ्या आणि घरातील चार हात जागा त्यासाठी राखून ठेवणाऱ्या प्रत्येकास तो केव्हा ना केव्हा पडतो. म्हणून माझ्यापुरता त्याचा निवाडा कसा झाला, त्याची कैफियत येथे मांडीत आहे.

यंत्राचा इतिहास दोन वाक्यांत सांगतो. लंडनच्या विल्यम न्यूबेरीने १८०८ साली त्याचे पेटंट घेतले. परंतु चाकावरून सतत वाकणारा पट्टा सांध्याशी तुटत असे, आणि १८४६ साली आन पोलिन क्रेपँ या फ्रेंच स्त्रीने सांधा जोडण्याच्या कृतीचे पेटंट घेऊन ती अडचण दूर करीपर्यंत ही कल्पना व्यवहारात फारशी उतरू शकली नाही. एकावर एक दोन चाके, त्यांवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा, तो ताणण्यासाठी वरचे चाक उचलणारा स्क्रू आणि मध्ये लाकूड ठेवावयाचा मेज, एवढीच तिची रचना आहे.

माझे खरे कुतूहल आहे ते त्या पट्ट्याविषयी, आणि प्रस्तुत प्रश्नाचे सारे मर्मही तेथेच साठलेले आहे. पट्ट्याचे दात आळीपाळीने डावीउजवीकडे किंचित वळवलेले असल्यामुळे लाकडात पडणारी चीर पट्ट्याच्या अंगापेक्षा थोडी रुंद होते, आणि त्या थोड्याशा मोकळिकीतच पट्ट्याला वळावयाचे असते. पट्टा जितका रुंद, तितकी त्याची पाठ चिरेच्या भिंतीवर लवकर अडते. सुताराच्या मापात इंचाचे आठ सूत धरले, तर दोन सुती पट्टा सुमारे पाच सूत त्रिज्येपर्यंतचे वळण घेतो, चार सुती पट्ट्याला अडीच इंचांची त्रिज्या लागते आणि सहा सुती पट्टा साडेपाच इंचांच्या आत वळण्याचे नाव घेत नाही. म्हणजे रुंदी तिप्पट झाली असता वळण आठ-नऊ पटींनी मोठे होते.

आता याच्या अगदी उलट काम पाहा. आठ इंच उंचीची सागवानी फळी उभी धरून तिच्या पातळ फळ्या चिरावयाच्या असतील, तर प्रत्येक दात आठ इंच प्रवास करीत भुसा गोळा करतो आणि तो दोन दातांमधल्या खाचेत साठवून खाली नेतो. ही खाच लहान असली तर ती मध्येच भरते, पट्टा घासू लागतो, तापतो, आणि चीर पोटाशी फुगीर होऊन दोन्ही फळ्या वाया जातात. म्हणून चिरण्यासाठी इंचास तीनच दात असलेला, रुंद आणि चांगला ताणलेला पट्टा हवा. तो साधला म्हणजे जे लाकूड वाचते त्याचा हिशेब मला अतिशय प्रिय आहे: ५० मिलिमीटर जाडीच्या फळीतून ६ मिलिमीटरचे काप काढताना, तीन मिलिमीटर लाकूड खाणारी गोल करवत पाचच काप देते, आणि एक मिलिमीटर खाणारी पट्टाकरवत सात देते. जुन्या वाड्याच्या तुळईतून काढलेले, आता पुन्हा न मिळणारे सागवान हाती असताना त्या दोन कापांचे मोल रुपयांत होत नाही.

पट्ट्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या सहस्रांशाच्या आसपास असावी, असा या विद्येतील एक जुना आडाखा आहे. कारण प्रत्येक फेऱ्यात पट्टा दोनदा वाकतो, आणि जाड पट्टा लहान चाकावर फिरविला तर त्याला अल्पकाळातच तडे जातात. चिरण्याचा दणकट पट्टा त्यामुळे थोरलीलाच शोभतो. थोरलीच्या सपाट आणि रुंद चाकांवर दोन सुती पट्टा जागेवर राखणे मात्र मोठे कष्टाचे. धाकटीच्या किंचित फुगीर रबरी धावेवर तोच पट्टा आपण होऊन मध्यभागी चढून स्थिर होतो.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी घेतो. काही वर्षांपूर्वी मिरजेस, केवळ तंतुवाद्ये कशी घडतात हे पाहण्याच्या ओढीने, मी सतारमेकर गल्लीत दोन दिवस काढले. शस्त्रांना पाणी आणि धार देणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तेथे जी वाद्यनिर्मिती रुजविली, तिची परंपरा आजही चालू असून, २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. एका वृद्ध कारागिराच्या दुकानात भोपळ्यांच्या उतरंडीखाली तुनाच्या लाकडाच्या दांड्या सुकत पडल्या होत्या, आणि मागच्या भिंतीवर पाच करवती टांगलेल्या होत्या: रेषेच्या दिशेने चिरण्याची निराळी, आडव्या कापाची निराळी, वळणाची निराळी. इतक्या कशाला, असे मी विचारले नाही. तिथे उभे असता तो प्रश्न सुचलाच नाही. हातकरवतीच्या बाबतीत आमच्या सुतारवर्गाने शतकानुशतके जो शिरस्ता मान्य केला, तो विजेवर चालणाऱ्या करवतीला लागू होऊ नये, यास मला कारण दिसत नाही.

तथापि प्रतिपक्षाचा दावा दुर्बळ नाही. माझे एक स्नेही, आयुष्यभर यंत्रशाळेत काढलेले, मला सांगत आले की, पट्टा बदलण्यास पंधरा मिनिटे लागतात. तेवढ्यासाठी सहा चौरस फूट जमीन, आणखी एक मोटर आणि पावसाळ्यात गंजाचा बंदोबस्त, हा खर्च जमेच्या बाजूस बसत नाही. त्यांच्या म्हणण्याची रुजवात पाहावी म्हणून मी धाकटीचा पट्टा उतरवून तिच्यावर ताडपत्री घातली, आणि सहा महिने सर्व काम एकट्या थोरलीवर करण्याचे ठरविले. या मुदतीत एक वही ठेवली. प्रथम तिच्यात पट्टा बदलण्याचा वेळ मांडीत होतो. तो एकूण चार तासही भरला नाही, आणि स्नेह्यांचे म्हणणे सिद्ध झाले असे मला वाटू लागले.

पण दुसऱ्या महिन्यात वहीच्या मागील पानावर मी वेगळीच नोंद सुरू केली: जी कामे पट्टा बदलावा लागेल म्हणून केली नाहीत, किंवा अयोग्य पट्ट्यावर रेटली, त्यांची. मुदतीअखेर त्या पानावर अकरा नोंदी होत्या. त्यांतील पहिली माझ्या थोरल्या भगिनीच्या देव्हाऱ्याची. आराखड्यात मी महिरप काढली होती, तिच्या पाकळ्यांची त्रिज्या जेमतेम इंचभर. थोरलीवर त्या दिवशी चार सुती पट्टा चढविलेला होता, आणखी दोन फळ्या चिरावयाच्या राहिल्या होत्या, आणि मी महिरपीच्या जागी सरळ पट्टी बसवून देव्हारा पोहोचता केला. ताई काही बोलली नाही. वेळेचा हिशेब मांडताना ही गोष्ट कोणत्याही रकान्यात उमटली नव्हती, आणि दुसऱ्या यंत्राची किंमत तर नेमकी तेथेच होती. पंधरा मिनिटे वाचतात म्हणून ते ठेवावयाचे नाही. मनात आलेले वळण पट्ट्याच्या रुंदीने बदलू नये म्हणून ठेवावयाचे.

म्हणून ज्यांच्यापुढे हा प्रश्न आहे त्यांना माझी विनंती अशी की, दुसरी करवत विकण्यापूर्वी टाळलेल्या कामांची वही सहा महिने ठेवावी. पाने कोरी राहिली तर निःशंकपणे विकावी. ज्याचे सारे काम सरळ चिरण्याचे आहे त्यास एकच यंत्र पुरे. ठेवावयाची झाल्यास एकीवर रुंद पट्टा आणि दुसरीवर अरुंद पट्टा कायमचा असावा. दोघींवर सारखाच पट्टा चढवून ठेवण्यात काही हशील नाही. काम संपल्यावर पट्ट्याचा ताण सैल करावा, म्हणजे चाकांच्या रबरास खळगा पडत नाही. वाड्याच्या लाकडातून चुका आणि खिळे लोहचुंबकाने आधी शोधून काढावेत. माझा एक नवा पट्टा केवळ या एका हयगयीने गेला आहे.

गेल्या श्रावणात मी ताडपत्री काढली, धाकटीला दोन सुती पट्टा चढविला, आणि पहिल्याच दिवशी ताईच्या देव्हाऱ्याची महिरप कापली. ती तिच्याकडे बसविताना उतरलेली सरळ पट्टी मी परत आणून धाकटीच्या शेजारी खिळ्याला टांगली आहे. जागेची टंचाई होऊन हे यंत्र काढण्याची तजवीज पुन्हा कधी मनात आलीच, तर त्याआधी त्या पट्टीकडे पाहावयाचे, असे मी स्वतःशी ठरविले आहे.